सध्याचा पत्ता

१ जून, रविवार. ताडकळस.

तक्रार. सकाळपासून माझा वाढदिवस चालू आहे आणि तो मला न विचारता लावण्यात आला आहे. चष्म्याचं दुकान, टायरवाला, परभणीचं साड्यांचं दुकान (एकदाच गेलो होतो, 'बिलासाठी नंबर सांगा' म्हणाला म्हणून सांगितला), आणि एक दातांचा दवाखाना, ज्याच्या खुर्चीत मी अद्याप तोंड उघडलेलं नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, प्रिय ग्राहक, आपणांस उदंड आयुष्य लाभो. पेढा एकाचाही नाही. या गंभीर बाबीकडे संबंधितांनी लक्ष द्यावे, अशी मागणी ग्राहकवर्गातून होत आहे.

वस्तुतः मी भाद्रपदातला. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आई म्हणाली, "पोळा झाल्यावर, पितर यायच्या आत." गुरुजींनी एक जून लिहिलं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मली आहेत. सरकारजमा तारीख खोटी, खरी आईबरोबर गेली. बरंच आहे.

लेकीचं तसं नाही. ऋतंभरेच्या वेळी मी घड्याळ हातात धरून दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा. तास-मिनिटासहित टिपलं.

त्याचा उपयोग आज झाला. दुपारी तिचं परिचयपत्र लिहायला बसलो. (लोक बायोडाटा म्हणतात. म्हणोत.) गंगाधरचा तगादा होता. सौ.चा धाकटा भाऊ. धंदा खत-बियाण्यांचा, व्यसन सोयरिकी जुळवायचं. त्याचा वधू-वरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि त्या ग्रुपला पिल्लं आहेत.

ऋ.चा फोन. "बाबा, फोटो आणि शिक्षण एवढंच टाका. बाकीचं बोलणी झाल्यावर सांगू ना." म्हटलं, त्रोटक लिहिलं की लपवाछपवी वाटते. "वाटू द्या," म्हणाली. पोरगी परभणीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. एका थेंबावरून माणसाची सगळी माहिती काढणं हा तिचा धंदा. तिला काय कळणार लालित्य.

लिहिलं सगळं. जन्मतारीख, वेळ, स्थळ, रास, नक्षत्र, नाडी. मामेकूळ. लॅबचं नाव, रस्ता. संपर्काला माझा नंबर. आणि 'सध्याचा पत्ता' या रकान्यात तिची भाड्याची खोली, घरमालकीण कावेरीबाईंच्या नावासकट, मंदिरामागची गल्ली, पहिला मजला, जिना बाहेरून. शेवटी एक ओळ: 'वाणीने मृदू, वृत्तीने स्थिर, हास्याने प्रसन्न.' तीनदा खोडून साधली. सौ.ने वाचलं. म्हणाली, "हास्य राहू द्या, नाडी नीट तपासा."

३ जून, मंगळ.

पत्रक गंगाधरला पाठवलं. वर गणपती, भोवती वेलबुट्टी, मध्ये ऋ.चा मोरपंखी साडीतला फोटो. तासाभरात गंगाधरचा फोन. "दाजी, सगळीकडं टाकलंय. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड. पुण्याचा बी एक ग्रुप हाय आपल्याच लोकाचा."

न्यायशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात आणि दोष मानतात. गंगाधर याला पोच म्हणतो.

सेलूच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कळवलं, मुलगा त्यांना नाही, परंतु भाषा फार आवडली. दिवसभर खुशीत. तहसीलच्या बैठकीची बातमी पाठवायची राहिली.

६ जून, शुक्र.

दोन फोन.

पहिला पोखर्णीहून. मुलगा कृषी खात्यात, घरी ओलिताची जमीन, माणसं बोलायला बरी. बावीसला, रविवारी, बघायला येतो म्हणाले. सौ. लगेच पडदे धुवायला काढायला लागली.

दुसरा अनोळखी. तरुण आवाज. "ऋतंभराचे पप्पा का? काका, ती सकाळपासून रिप्लाय देईना गेली. तब्येत बरी हाय ना?"

कोण तुम्ही? कुठला रिप्लाय?

"दोन दिवस झाले बोलायलोत की आमी." आणि त्या फोटोंच्या ॲपचं नाव घेतलं. मी काही विचारायच्या आत फोन ठेवला.

ऋ.ला लावला. म्हणाली, त्या ॲपवर माझं खातंच नाही. उघडलंच नाही कधी.

मग?

९ जून, सोम.

सकाळच्या गाडीने परभणी. ऋ.च्या जेवणाच्या सुटीत लॅबसमोरच्या रसवंतीत बसलो. तिने मैत्रिणीच्या फोनवर दाखवलं.

तीच. मोरपंखी साडी. फोटो कापून घेतलाय, पण एका कोपऱ्यात वेलबुट्टीचं टोक राहिलंय. नाव पूर्ण. गाव. जन्मतारीख. आणि फोटोखाली, स्वल्पविरामासकट: 'वाणीने मृदू, वृत्तीने स्थिर, हास्याने प्रसन्न.' वीस वर्षं जिल्ह्याच्या पानावर लिहितो आहे. माझं एक वाक्य कुणी चोरावं असं कधी वाटलं नव्हतं, आणि चोरलं तर हे.

"बाबा, तिथं मी नाहीच," ऋ. म्हणाली. "तीच हाय. माझं नाव शोधलं की तीच येते."

कारण जिल्ह्यात दुसरी ऋतंभरा नाही. एखादी पूजा, प्रियंका असती तर शंभरात हरवली असती. नाव मी ठेवलं. बारशाला आत्या म्हणाली होती, पोरीला हाक मारताना दम लागंल.

लॅबच्या फोनवरही कुणीकुणी तिला मागायलेत. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, पर्सनल इथं नको.

"आणि मामेकूळ कशाला टाकलं? बँकेचा माणूस ओळख पटवायला हेच विचारतो. जन्मतारीख सांगा, आईचं माहेरचं आडनाव सांगा. तुमी दोन्ही छापून वाटलं."

मी म्हटलं, मामेकूळ सांगितल्याशिवाय आपल्यात सोयरीक पुढे सरकते का? म्हणजे बँक आणि पाव्हणे, दोघांचे प्रश्न एकच. फरक इतकाच की पाव्हण्यांना आम्ही न विचारता सांगतो. हे मी विनोद म्हणून बोललो. ती हसली नाही. रस तसाच ठेवून उठली.

११ जून, बुध.

ऋ.ने त्या ॲपकडे तक्रार केली. उत्तर आलं: आपण आपणच असल्याचा पुरावा पाठवा. सरकारी ओळखपत्राचा स्वच्छ फोटो, दोन्ही बाजू.

खोटीला एक कागद लागला नाही. खरीला लागतो. माहिती बाहेर गेली म्हणून रडायचं, तर आधी आणखी माहिती द्या. बीज आधी की अंकुर आधी यावर पाठशाळेत आठवडाभर वाद घातला होता. तेव्हा वाटायचं, हे पुढे कुठे उपयोगी पडणार.

ऋ. म्हणते, आधार देणार नाही. "एक गेलं तेवढं बास."

१२ जून, गुरु.

मला राहवलं नाही. घरात तिच्या आधारची जुनी प्रत होती. ती घेऊन बालाजीच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. पीकविमा, सातबारा, झेरॉक्स, फोटो, सगळं तिथंच. बाहेर बाकावर पीकविम्याचे लोक.

बालाजी म्हणाला, "पोरीची प्रत कशाला आणलात शास्त्रीजी? असंल की माझ्याकडं. पूर्ण गाव हाय माझ्याकडं." आणि पडदा वळवून दाखवला. खरंच. ओळीने चेहरे. आमचे सरपंच, पोस्टमन, मी, सौ., कै. आत्या. आत्या वारल्याचं बालाजीच्या मशीनला कुणी कळवलेलं नाही.

त्याने ऋ.च्या नावाने अर्ज भरला, आधार जोडलं, पाठवलं. भरताना मोठ्याने वाचत होता. बाकावरचे लोक पीकविमा विसरले.

म्हटलं, काम झालं, आता मशीनमधलं पुसून टाक. "टाकतो की. पण पुढच्या टायमाला तुमालाच खामखा चक्कर हुईल." पुसलं की नाही ते बघायला थांबलो नाही. चष्मा नव्हता, असं स्वतःला सांगितलं.

हे ऋ.ला सांगायचं नाही.

१५ जून, रवि.

उत्तर आलं, बालाजीच्या ईमेलवर. आम्ही तपासले, हे खाते आमच्या नियमांचा भंग करत नाही. सहकार्याबद्दल आभार. आधार गेलं ते गेलं.

ऋ.ला एवढंच म्हटलं, ते खातं अजून तसंच दिसतंय. ती म्हणाली, सायबरला तक्रार देऊ. उद्याच.

मी म्हटलं, थांब.

का थांब? याचं उत्तर तिला दिलं नाही, इथं लिहितो. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला की संध्याकाळी पत्रकारांच्या ग्रुपवर प्रेसनोट येते. मीही असल्या प्रेसनोटांवरच जगतो. नाव नसतं. पण 'ताडकळस परिसरातील, परभणीत खासगी नोकरी करणारी तरुणी' एवढं असतं, आणि तेवढं पुरतं. नाव न घेता घर दाखवायची ही विद्या आम्हा वार्ताहरांना कुणी शिकवावी लागत नाही. बावीसला पोखर्णीचे पाव्हणे. आठच दिवस. ते होऊन जाऊ दे, मग देऊ.

"म्हणजे आठ दिवस ती माझ्या नावानं बोलत राहणार," ऋ. म्हणाली.

मी म्हटलं, बघू.

बघू हा शब्द काढला की माझा आवाज तहसीलदारासारखा होतो.

१७ जून, मंगळ.

आज माणूस आला. तिच्या दारात.

ऋ.ने फोनवर सांगितलं, अगदी शांत आवाजात, त्यानेच जास्त घाबरलो. ती कामावरून येऊन जिना चढत होती. खाली फटफटी थांबली. चारठाण्याचा कुणी मुलगा, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स. "ऋतंभरा, आलो बघ मी."

ती म्हणाली, कोण तुमी?

"असं काय करायलीस? तूच म्हणलीस की, घर बघून जा, मंग घरच्याला सांगू."

फोन काढून दाखवायला लागला. महिनाभराचं नाही, पण बरंच बोलणं. सकाळी उठल्याचं, जेवल्याचं. रिचार्ज मार म्हटलेलं. त्याने मारलेलं. पत्ता 'तिनेच' दिलेला. मंदिरामागे, पहिला मजला, जिना बाहेरून.

माझे शब्द. त्याच क्रमाने.

ऋ.ने जाळीचं दार आतून लावून घेतलं आणि दाराआडून त्याला सगळं समजावलं. त्याला पटेना. मग पटलं. तर तिथंच पायरीवर बसला. "मंग मी कोणाशी बोलायलो होतो हो?" असं विचारत राहिला. आता अहो-जाहो करत होता, ऋ. म्हणाली. तिला त्याचीच कीव आली.

कावेरीबाईंना नाही आली. त्यांनी वरून सगळं बघितलं. "आज मिठाई घेऊन आला, उद्या कोण काय घेऊन येईल. मला बी सुना हायत. ही खोली सोडा बाई."

ऋ.ने मला विचारलं, "बाबा, हा बरा होता. दुसरा बरा नसला तर?"

म्हटलं, कडी लावत जा.

१८ जून, बुध.

सौ. म्हणते, तिला घरी आणा. नोकरी गेली खड्ड्यात. स्वतः सौ.ने सकाळपासून खाल्लं नाही.

ऋ.ला फोन केला. "मी काय केलं म्हणून घरी येऊन बसू?" बसस्थानकापर्यंत जाऊन परत आलो. पोरीला आणायला निघालो होतो की नुसतं घराबाहेर पडायचं होतं, कुणास ठाऊक.

१९ जून.

गंगाधरला म्हटलं, पत्रक काढून टाक सगळ्या ग्रुपमधून.

"दाजी, तिफणीतून पडलेलं बी वेचता येतंय का? माझ्याकडून गेलं, त्याच्याकडून गेलं, आता कुठं कुठं उगवलंय मला काय ठाव?"

मग म्हणाला, लय मनावर घेऊ नका. दुसरं करू. साडी बदलून.

व्याकरणात आत्मनेपद असतं: क्रिया स्वतःसाठी. आणि परस्मैपद: क्रिया दुसऱ्यासाठी. या मोबाइलच्या यंत्रात आत्मनेपदाची सोयच नाही. काहीही करा, दुसऱ्याच्या कामी येतं.

२२ जून, रवि.

पोखर्णीचे आले. मुलगा, त्याचे वडील, आत्या, आणि एक मेहुणे जे फक्त पोहे खात होते. ऋ. सकाळच्या गाडीने आली. आईसाठी आले, म्हणाली. मोरपंखी साडी नेसायला नकार. साधा पंजाबी ड्रेस.

मुलाच्या आत्याने विचारलं, लॅबमध्ये काय काय करावं लागतं? ऋ.ने सांगितलं. मुलगा मधेच म्हणाला, शुगरचं मशीन घरी घ्यावं का, त्याच्या आईला आहे. ऋ.ने तेही सांगितलं, कोणतं घ्या, कसं वापरा. मुलगा भला वाटला. पाच मिनिटं वाटलं, निभावलं.

मग आत्याबाई हसत हसत: "पोरगी फोनवर बी लय बोलकी हाय म्हणे. आमच्या पुतण्याच्या दोस्ताला बी माहीत हाय."

मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "न्हाई, तसं काई न्हाई. आजकाल पोरं बघतेतच. आमी काई म्हणून म्हणलं न्हाई."

ऋ. म्हणाली, "ती मी नाही. कुणीतरी माझ्या नावानं उघडलंय. बाबांनी सांगितलं नाही का तुमाला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोखर्णीचे, सौ., दारातून गंगाधर. ऋ. पण. एक वाक्य बोलायचं होतं मला. सांगायचं राहिलं, चूक माझी, पोरीचा काही संबंध नाही. आयुष्य वाक्यं जुळवण्यात गेलं.

मी म्हणालो, "चहा घ्या, निवतोय."

त्यांनी घेतला. "कळवतो" म्हणून गेले. ऋ.ने कप आत नेऊन ठेवले, विसळले, पिशवी उचलली. सौ. म्हणाली, जेवून जा. म्हणाली, गाडी आहे. मी बसस्थानकापर्यंत जायला चप्पल घातली तर म्हणाली, "राहू द्या. मला रस्ता माहीत हाय."

२३ जून.

काही नाही.

२४ जून, मंगळ.

दुपारी ऋ.चा मेसेज. जसाच्या तसा:

'तक्रार दिली. एकटीच गेले होते. लेडीज जमादार चांगल्या होत्या. प्रेसनोट आली तर तुमीच टाका, दुसऱ्यानं टाकण्यापेक्षा.'

सात-आठ वेळा वाचला. सौ.ला दाखवला नाही. उत्तर लिहिलं, खोडलं. 'बरं केलंस' एवढं पाठवलं. खालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. पुढे काही नाही.

२५ जून, बुध.

आली. संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला. ट्रॅक्टरची चोरी आणि अवैध वाळू यांच्या मधे. 'मूळ ताडकळस परिसरातील व सध्या परभणी येथे खासगी प्रयोगशाळेत कार्यरत तरुणीच्या नावे बनावट खाते...'

कुणी अंगठा टाकला, कुणी 'तपशील?' असं लिहिलं. मग डेस्कवरून फोन. तिथला उपसंपादक मला मान देतो, म्हणून टोमणा मारूनच बोलतो. "शास्त्रीजी, तुमच्या अंगणातलीच दिसायलीय. वडील काय करतात, लग्न ठरलं होतं का, बघा जरा. चार कॉलम देतो."

म्हटलं, बघतो.

चार ओळी लिहिल्या. गाव काढलं. लॅब काढली. 'तरुणी' काढून 'एका व्यक्तीच्या' केलं. पाठवलं.

पुन्हा फोन. "ह्याच्यात बातमी कुठंय? कोण, कुठली, काहीच न्हाई. तुमी आजारी हायत का?"

हो म्हणालो. ती चार ओळींची बातमी मात्र मागे घेतली नाही.

२७ जून, शुक्र.

आमच्या पेपरात चार ओळी, निधनवार्तेखाली. दुसऱ्या पेपरात फोटोच्या जागी संगणकाचं चित्र, आणि मजकुरात: 'सदर तरुणीचे वडील सुशिक्षित व लेखणीशी संबंधित असल्याचे समजते.' ज्याने लिहिलं तो माझ्याकडेच बातमी लिहायला शिकला. वाक्य निर्दोष आहे.

आठवडी बाजार होता. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर फुकट घातली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. एक जण मुद्दाम थांबला: "काय शास्त्रीजी, आपल्या गावची कोण पोरगी हो ती? तुमाला तर माहीत असंल." म्हटलं, माहीत आहे. आणि पिशवी घेऊन निघालो. मागून कुणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशावर. आता सगळं हसणं आमच्या घराकडेच येतंय असं वाटतं. सौ. शेजारी हळदीकुंकवाला गेली नाही. दार लोटून घेतलंय दुपारपासून. आत उकडतंय.

पोखर्णीहून निरोप: पत्रिका जमत नाही. नाडी तपासली होती की हो.

३० जून, सोम.

ऋ.चा फोन आला म्हणून इतक्या घाईने उचलला की चष्मा पडला.

"बाबा, जमादार मॅडम विचारायल्या होत्या. माझ्या नावानं आधीच एक अर्ज गेलाय म्हणे त्या कंपनीला. आधार जोडून. दुसऱ्याच कुणाच्या ईमेलवरून. मी म्हणलं, मी न्हाई केला. त्यांना वाटायलंय, हा बी त्याच चोराचाच."

मी पडलेला चष्मा उचलला.

"तुमी केला का?"

हो म्हटलं. बालाजीकडे. तुझ्या भल्यासाठीच.

तिकडून गाड्यांचा आवाज येत होता. रस्त्यावर उभी असावी. म्हणाली, "मी न्हाई म्हणलं होतं ना."

ओरडली असती तर मी काही बोललो असतो. बोलायला तयारी होती माझी. "मॅडमला सांगते, वडिलांनी केला म्हणून," म्हणाली आणि ठेवला.

संध्याकाळी बालाजीकडे गेलो. उभा राहून, चष्मा लावून, पुसायला लावलं. पुसलं. म्हणाला, "बघा, झालं. फिकर करू नका." मग सवयीने म्हणाला, मेन मशीनला कॉपी राहतीच म्हणा, ते आपोआप जातंय.

३ जुलै, गुरु.

ते खातं बंद झालं. ऋ.ने सौ.ला कळवलं, सौ.ने मला. कुणी उघडलं होतं ते सापडलं नाही, पोलीस म्हणतात तपास चालू आहे. गंगाधर सांगतो, पत्रक लातूरच्या एका ग्रुपवर अजून फिरायलंय आणि एक स्थळ चौकशी करतंय. मुलगा पुण्यात, आयटीत. त्याला काय उत्तर देऊ, विचारत होता. मी फोन सौ.कडे दिला.

ऋ.ने खोली बदलली. सामान एकटीने हलवलं की मैत्रिणी होत्या, माहीत नाही. दुपारी मी फोन केला. उचलला. जेवलीस का, पाऊसपाणी, लॅब. सगळ्याला बरं, बरं, बरं. नवी खोली कशी आहे? चांगली. घरमालक? चांगले. मग विचारलं, पत्ता काय?

"कशाला?"

रागाने म्हणाली असती तर समजलं असतं. एखाद्या परक्या माणसाने काउंटरवर नंबर मागितला की विचारावं, तसं विचारलं.

म्हटलं, असू दे म्हणून. वेळप्रसंगाला.

"वेळप्रसंगाला मी फोन करीन," म्हणाली. "आईला सांगा, गुळाच्या पोळ्या पाठवू नका, इथं मुंग्या हायत."

सौ.ला पत्ता दिला असेल असं वाटलं होतं. नाही दिला. तिने मागितला नाही. "मागितला असता तर तुमी माझ्याकडून काढून घेतला असता," म्हणाली. खरं आहे.

माणसं काय म्हणतील, पाव्हणे काय म्हणतील, पेपरात काय येईल, असं महिनाभर लिहीत आलो. ते चालूच आहे, चालू राहील. त्याची सवय होते. झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या चारठाण्याच्या पोराला माझ्या मुलीच्या जिन्याची पायरी माहीत होती. आज ती कुठल्या गल्लीत, कुठल्या दाराला कडी लावून बसली आहे ते मला माहीत नाही. तिला काही झालं तर मी कुठे धावणार ते मला माहीत नाही. आणि ते मला न सांगण्यातच तिची सुरक्षितता आहे असं तिला वाटतं. ती चुकते आहे असं म्हणायला मी दोन तास कारण शोधतो आहे.